पंचाची शिटी आणि पालकांचा आवाज

मुलांच्या फुटबॉल सामन्यात दोन संघ असतात आणि त्यांच्यामध्ये एक पंच असतो, ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु मैदानाच्या कडेला आणखी एक संघ उभा असतो. त्याच्या अंगावर गणवेश नसतो, त्याला वयाची मर्यादा नसते आणि खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव नसते. असे असूनही सामन्याचा रंग पुष्कळदा हाच संघ ठरवितो. हा संघ म्हणजे आपण सारे. मुलांचे आईबाप, काका, मामा आणि शिक्षकसुद्धा.

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. शिष्यवृत्त्या, वाचनालय, मुलींचे शिक्षण या विषयांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही मुद्दाम मैदान हा विषय निवडला. वर्गात आम्ही मुलांना जे शिकवितो त्याची परीक्षा मैदानावर होते. आणि चार वर्षांपूर्वी अशा एका परीक्षेत आम्ही स्वतःच नापास झालो.

घडले ते असे

पावसाळा नुकताच संपला होता. सयाजीगंजात स्टेशनच्या बाजूला एका मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होता. हे मैदान असे की, गाडीने शिटी दिली की लहान मुले पंचाची शिटी समजून खेळ थांबवितात! आमचा भाचा एका संघातून खेळत होता. पंच होता आमचाच एक जुना विद्यार्थी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकणारा, वडील नसलेला, सुटीच्या दिवशी सामने घेऊन चार पैसे मिळविणारा मुलगा. लाइन्समन कोणी नव्हते. उन्हात तो एकटाच मैदानभर धावत होता.

सामना संपण्यास थोडा अवकाश असता आमच्या भाच्याने गोल केला. आम्ही टाळ्या वाजविल्या. तेवढ्यात शिटी झाली, पंचाचा हात वर गेला आणि गोल नाकारला गेला. ऑफसाइड!

त्या क्षणी आम्हांस काय झाले ते आजही सांगता येत नाही. बावीस वर्षे ज्या आवाजाने वर्गात शांतता राखली, त्याच आवाजात आम्ही ओरडलो, "अरे, डोळे कुठे आहेत तुझे? दिसत नाही तर शिटी कशाला घेतलीस हातात?" आमच्यासारखा शिक्षक ओरडतो म्हटल्यावर इतरांना परवानगीच मिळाली. एक गृहस्थ "शुं करो छो, साहेब?" असे म्हणत सरळ आत गेले. दुसऱ्यांनी पंचाची कॉलर धरली. पाव तास खेळ बंद पडला. मुले जागच्या जागी उभी होती आणि आपल्या बापांकडे पाहण्याचे टाळीत होती.

परत येताना स्कूटरवर मागे बसलेला भाचा बराच वेळ गप्प होता. काळ्या घोड्याच्या चौकात गाडी थांबली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामू, मी खरंच पुढे होतो. मला ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आमच्या घरी आला. शिटी त्याने टेबलावर ठेवली. ती आम्हीच त्याला बक्षीस दिली होती. "सर," तो म्हणाला, "दुसरं कोणी ओरडलं असतं तर मला काही वाटलं नसतं."

या एका वाक्याने आम्हांस विचार करावयास लावले. तंटे का होतात, त्यांत चूक कोणाची असते आणि त्यावर उपाय कोणता, याचा आम्ही त्यानंतर जो शोध घेतला तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पंच आला कोठून?

इंग्लंडात १८६३ साली फुटबॉलचे नियम प्रथम एकत्र लिहिले गेले, तेव्हा त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. खेळणारे सभ्य गृहस्थ आहेत, तंटा झाला तर दोन्ही कर्णधार आपसांत मिटवतील, अशी समजूत होती. ती फार दिवस टिकली नाही. पुढे प्रत्येक संघ आपला एक अंपायर घेऊन येऊ लागला. साहजिकच हे दोघे आपापल्या संघाची बाजू घेऊ लागले. म्हणून मैदानाबाहेर एक तिसरा माणूस बसविण्यात आला. दोघांचे न जमल्यास वाद ज्याच्याकडे सोपवावयाचा तो रेफरी, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. अखेर १८९१ साली हा तिसरा माणूस मैदानाच्या आत आला, निर्णय त्याच्या हाती गेला आणि दोन्ही अंपायर कडेला जाऊन लाइन्समन झाले.

या इतिहासाचे तात्पर्य ध्यानात घेण्याजोगे आहे. पंच कधीच चुकत नाही म्हणून कोणी त्याला आत आणले नाही. आपापल्या बाजूची माणसे न्याय करू शकत नाहीत, हे दोन्ही बाजूंना अनुभवाने पटले म्हणून त्याला आणले. गोल झाला की नाही यासारख्या खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अखेरचा असतो, असे नियम सांगतो. तो निर्णय नेहमीच बरोबर असतो, असे मात्र नियम म्हणत नाही. खेळ पुढे चालावयाचा असेल तर कोठेतरी वाद संपला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आपण लहानपणी शाळेत प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' ही कथा वाचली आहे. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनच्या म्हाताऱ्या खालाने आपल्या तक्रारीसाठी अलगूलाच पंच नेमले, आणि त्याने मित्राविरुद्ध निकाल दिला. जुम्मनने मनात अढी धरली. पण पुढे अलगूच्या बैलाच्या तंट्यात जेव्हा जुम्मन स्वतः पंच झाला, तेव्हा त्याने अलगूच्या बाजूने न्याय केला. त्या आसनावर बसले की माणसाची दृष्टी पालटते. मैदानाच्या कडेला उभे राहिले की ती दुसऱ्या रीतीने पालटते, हे आपण विसरतो.

आपल्याला वेगळे का दिसते?

पालक मुद्दाम खोटे बोलतात असे मुळीच नाही. त्यांना खरोखरच वेगळे दिसते. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. खेळ फार दांडगाईचा झाला. एका खेळाडूचे नाक मोडले, दुसऱ्याचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच फिल्म दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखविली आणि नियमभंग मोजावयास सांगितले. डार्टमथच्या संघाने केलेले जेवढे नियमभंग त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. १९५४ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध आजही अभ्यासला जातो. फिल्म एकच, डोळे सारखेच. पण मन कोणत्या बाजूला उभे आहे त्याप्रमाणे दृश्य बदलले. विद्यापीठाच्या अभिमानाने एवढा फरक पडतो, तर पोटच्या पोराच्या प्रेमाने किती पडेल?

मनाप्रमाणे उभे राहण्याची जागाही फसविते. सर्वांत अधिक तंटे ज्यावरून होतात तो ऑफसाइडचा नियम घ्या. जोडीदार ज्या क्षणी चेंडू मारतो, त्या क्षणी पुढचा खेळाडू कोठे होता, एवढेच पंचाने पाहावयाचे असते. तो प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असेल आणि चेंडू व प्रतिपक्षाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर त्याची जागा ऑफसाइडची ठरते. शेवटून दुसरा म्हणण्याचे कारण, शेवटचा बहुधा गोलकीपर असतो. नुसते तेथे उभे राहणे गुन्हा नव्हे. तेथून खेळात भाग घेतला तरच शिटी होते.

पालक काय पाहतो? चेंडू मारला जातो तेव्हा तो चेंडूकडे पाहतो, आणि चेंडू मुलाकडे पोहोचतो तेव्हा मुलाकडे पाहतो. मधल्या एक-दोन सेकंदांत बचाव करणारी मुले पळालेली असतात. त्यामुळे कधी पुढे असलेला मुलगा मागे होता असे वाटते, तर कधी मागून धावत आलेला मुलगा आधीपासूनच पुढे होता असे वाटते. त्यातून पाहणारा अगदी त्या रेषेत उभा नसेल, तर आगगाडीच्या खिडकीतून जवळचा खांब आणि लांबचे झाड पुढेमागे सरकताना दिसतात तसाच भ्रम येथेही होतो. हॉलंडमधील संशोधकांनी २००० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात दाखवून दिले की, तरबेज लाइन्समनसुद्धा रेषेच्या थोडा पुढे-मागे असला की याच कोनामुळे चुकतो. मग कडेला छत्री धरून उभे असलेल्या आपण मंडळींची काय कथा?

शिवाय नियमही बदलत असतात. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीच्या रेषेत असणे हे १९९० पासून ऑफसाइड धरले जात नाही. आपल्यापैकी ज्यांनी त्यापूर्वी खेळ सोडला ते अजून जुन्याच नियमाने भांडतात. हातास चेंडू लागला की "हँड, हँड" असा एकच कल्लोळ होतो. परंतु प्रत्येक स्पर्श हा गुन्हा नसतो. त्याचप्रमाणे आपल्या मुलाला कोणी पाडले आणि तरीही पंचाने शिटी दिली नाही, तर पुष्कळदा चेंडू आपल्याच संघाकडे राहिला असून थांबविण्याने आपलेच नुकसान होईल, असा त्याचा विचार असतो. ज्याला आपण आंधळेपणा म्हणतो तो कधी कधी आपलाच फायदा असतो!

रागाचे मूळ

परंतु एवढ्यावरून राग येतो असे नव्हे. त्याचे मूळ खोल आहे. आपल्या वडोदऱ्यात मांडवीजवळच्या जुम्मा मशिदीत सेवा करणाऱ्या एका गरीब बापाचा मुलगा, इरफान पठाण, डिसेंबर २००३ मध्ये ॲडिलेडला भारताकडून कसोटी खेळला आणि पुढे त्याचा भाऊ युसुफही देशासाठी खेळला. तेव्हापासून मैदानावर मूल पाठविणाऱ्या प्रत्येक घरात एक स्वप्न शिरले आहे. ते वाईट नाही. पण बूट, गणवेश, शिकवणीची फी, सकाळची धावपळ हे सारे करताना बापाच्या मनात नकळत हिशेब सुरू होतो, आणि पंचाची एक शिटी म्हणजे त्या हिशेबातील तोटा वाटू लागतो. मूल खेळावयास आलेले असते. बाप मात्र आपल्या कष्टांचे फळ पाहावयास आलेला असतो.

याचा परिणाम मुलावर काय होतो? पंचाने चूक केली तर मुलाचा एक गोल जातो. बापाने तंटा केला तर त्याचा सगळा खेळच जातो. शिवाय हरल्यावर दोष बाहेर शोधावयाचा, ही सवय लागते ती वेगळीच. पुढे आयुष्यात परीक्षक, अधिकारी, मालक यांचे चुकीचे निर्णय त्याला सोसावे लागणार आहेत, आणि त्यांविरुद्ध योग्य मार्गाने दाद मागावी लागणार आहे. अन्याय झाला तरी दुसऱ्या क्षणी पुन्हा धावू लागणे, हे शिकण्यास मैदानाइतकी स्वस्त शाळा दुसरी नाही. ती आपण ओरडून बंद पाडतो.

वेळीच न आवरल्यास

गोष्ट नेहमी कॉलरीपाशी थांबतेच असे नाही. २४ मे १९६४ रोजी पेरू देशातील लिमा शहरात पेरू विरुद्ध अर्जेंटिना या सामन्यात पंचाने यजमानांचा एक गोल नाकारला. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक बंद दारांकडे पळाले आणि चेंगराचेंगरीत अधिकृत आकड्याप्रमाणे ३२८ माणसे मेली. तो मोठ्यांचा सामना होता असे कोणी म्हणेल. तर २ डिसेंबर २०१२ रोजी हॉलंडमधील आल्मेर गावी मुलांचाच सामना होता. आपल्या मुलाच्या संघासाठी हौसेने लाइन्समन म्हणून उभ्या राहिलेल्या एका एकेचाळीस वर्षांच्या बापाला प्रतिपक्षाच्या मुलांनी लाथांनी मारले. दुसऱ्या दिवशी तो वारला. २०१३ साली न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांत सहा किशोरवयीन मुले होती आणि एका मुलाचा पन्नास वर्षांचा बापही होता. मुलांनी हे कोठून शिकले असेल, असा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

आपल्या मराठी मुलखात फुटबॉलचे खरे वेड पाहावे ते कोल्हापुरात. तेथे पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशी नावे घेताच माणसे उठून बसतात. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन हे सामने भरविते आणि शाहू स्टेडियम भरून वाहते. पण तेथेही समर्थकांच्या हुल्लडीमुळे सामने थांबविण्याची पाळी आलेली आहे. प्रेम पुष्कळ असणे पुरेसे नाही. त्याला शिस्तीचा बांध लागतो.

उपाय काय?

१९६२ च्या विश्वचषकात चिली विरुद्ध इटली हा अत्यंत मारामारीचा सामना ज्यांनी पंच म्हणून सांभाळला, ते केन ॲस्टन हे पेशाने शाळामास्तर होते. १९६६ साली इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात पंचाची भाषा खेळाडूंस कळेना म्हणून मोठा घोळ झाला. त्यावर विचार करीत मोटारीतून जाताना रस्त्यावरील सिग्नलचे दिवे पाहून त्यांना पिवळ्या आणि तांबड्या कार्डाची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको येथील विश्वचषकात ती अमलात आली. २०१९ पासून तर प्रशिक्षकांनाही ही कार्डे दाखविता येतात. परंतु पालकांसाठी कार्ड अजून निघालेले नाही. ते आपले आपणच खिशात बाळगले पाहिजे.

इतर देशांनी काही प्रयोग केले आहेत. अमेरिकेच्या ओहायो राज्यात मुलींच्या एका लीगने १९९९ साली एक रविवार असा पाळला की, कडेला उभ्या असलेल्या कोणीही तोंडातून शब्द काढावयाचा नाही. इंग्लंडात २००८ साली पंचाचा मान राखण्याची मोहीम सुरू झाली. पालकांना दोरीच्या मागे उभे केले गेले आणि पंचाशी फक्त कर्णधाराने बोलावे असे ठरले. जर्मनीत आखेनच्या बाजूला २००७ पासून लहान मुलांच्या सामन्यांत पंचच ठेवीत नाहीत. मुले आपसांत निर्णय करतात, दोन्ही प्रशिक्षक एकाच जागी उभे राहतात आणि पालक सुमारे पंधरा मीटर लांब. गंमत अशी की, मोठी माणसे दूर गेल्यावर मुलांचे तंटे आपोआप मिटतात!

आपल्या गावालाही या बाबतीत परंपरा आहे. हुतुतूचे नियम ठिकठिकाणी निरनिराळे असताना ते लिहून काढून १९२३ साली वडोदऱ्यातच हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरविले. प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या उस्तादांच्या नावाने चालविलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर आजही येथे आहे. आखाड्यात उतरणारा आधी मातीला हात लावतो आणि उस्तादाला सलाम करतो. ज्या शहराने खेळाला लेखी नियम दिले, त्या शहराने नियम राबविणाऱ्याचा मान राखावा, ही अपेक्षा जास्त नाही.

आपल्या ट्रस्टतर्फे दरवर्षी मुलांचे सामने होतात. त्यांसाठी आम्ही विश्वस्तांपुढे नम्रपणे काही सूचना ठेवीत आहोत. मैदानाच्या कडेपासून चार पावलांवर दोरी बांधावी आणि पालकांनी तिच्या मागे राहावे. सामन्यापूर्वी दहा मिनिटे ऑफसाइडचा नियम मुलांना उभे करून पालकांना प्रत्यक्ष दाखवावा. पंचाचे मानधन आधीच पाकिटात द्यावे आणि त्याला पाणी व सावलीत खुर्ची द्यावी. पंच खरोखरच पक्षपात करतो असे वाटल्यास दुसऱ्या दिवशी समितीकडे लेखी तक्रार करावी. समितीने ती दडपू नये आणि उत्तर द्यावे. खेळ इतका दांडगा होऊ लागला की मुलांना इजा होईल, तर ते सांगण्याचे काम प्रशिक्षकाचे. आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक पालकाने वर्षातून एकदा तरी लाइन्समनचा झेंडा हातात घ्यावा.

ही शेवटची सूचना आम्ही अनुभवाने करीत आहोत. गेल्या वर्षी आम्ही स्वतः झेंडा घेऊन उभे राहिलो. पहिल्या अर्ध्या तासातच आमचे दोन निर्णय चुकले, हे आम्हांस मागाहून कळले. एका बाईंनी मोठ्याने आमच्या चष्म्याची चौकशी केली! तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने आमचा आवाज कसा ऐकला असेल, ते आम्हांस उमगले.

आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने अदबीने बसविले, त्याच्या आईने चहा दिला. परंतु शिटी त्याने अजून परत घेतलेली नाही. ती आमच्या टेबलाच्या खणात आहे. या वर्षीच्या सामन्यांसाठी आम्ही त्यास पुन्हा बोलावणे धाडले आहे. तो येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आला तर दोरीच्या मागे उभे राहून त्याचा प्रत्येक निर्णय, बरोबर असो वा चूक, मुकाट्याने मान्य करणारे पालक त्यास दिसावेत, एवढीच आपणां सर्वांस आमची विनंती आहे.